ससा नाजूक म्हणून मरतो का? पाळीव सशाचे परजीवी आजार : ओळख आणि उपचार



प्राथमिकच्या कुठल्याही वर्गात एकदा विचारून बघा, "कुणाच्या घरी ससा आहे किंवा होता?" दोन-चार हात वर होतातच. मग पुढचा प्रश्न विचारा, "आता कसा आहे?" बरेचदा उत्तर येतं, "तो मेला सर." कशाने मेला ते मुलाला माहीत नसतं. घरी त्याला सांगितलेलं असतं की ससे नाजूकच असतात, असे अचानक जातात.

आजचा पाठ या "नाजूकच असतात"बद्दल आहे. ससा उन्हाने मरू शकतो, कुत्र्याच्या भीतीने मरू शकतो, हे खरं. पण घरात आणल्यावर आठ-पंधरा दिवसांत जी पिल्लं दगावतात, त्यांच्यामागे पुष्कळदा एखादा परजीवी असतो. तो वेळेवर ओळखता येतो, त्यावर औषध आहे, आणि त्याला रोखायला लागणारी मुख्य वस्तू प्रत्येक घरात आहे. ती म्हणजे केरसुणी. कशी, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. मनमाडच्या आसपास, अंकाई-टंकाईच्या पायथ्याला, बाजरीच्या शेतात जो करडा-तपकिरी ससा टुणकन उडी मारून पळतो तो रानससा. तो बिळात राहत नाही, त्याची पिल्लं डोळे उघडे ठेवूनच जन्मतात, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. शेतात सापडलेलं त्याचं पिल्लू मुलांनी घरी आणलं तर जिथे सापडलं तिथेच नेऊन ठेवायला सांगा, आई जवळच असते. आपण पाळतो तो युरोपातून आलेल्या जातीचा ससा. पांढरा, लाल डोळ्यांचा, किंवा काळा-पांढरा. हा लेख फक्त त्याच्याबद्दल.

लेंडीतून फिरणारा आजार

बाजारात सशाची जोडी विकायला येते तेव्हा पिल्लं साधारण महिन्याची असतात. नुकतंच आईचं दूध तुटलेलं, टोपलीत वीस पिल्लं एकावर एक, खाली ओला पाला आणि त्यातच लेंड्या. मग एसटीचा किंवा मोटारसायकलचा प्रवास, नवीन घर, नवीन खाणं, आणि दिवसभर उचलणारे दहा हात. कॉक्सिडिओसिस नावाच्या आजाराला यापेक्षा सोयीचं काही नाही. दूध तुटल्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना तो सर्वांत जास्त होतो. कोंबड्या पाळणाऱ्यांना हा आजार "रक्ती हगवण" म्हणून माहीत आहे. सशातला परजीवी त्याचाच चुलतभाऊ, पण जात वेगळी. कोंबडीचा सशाला लागत नाही, सशाचा कोंबडीला नाही, आणि दोन्ही माणसाला लागत नाहीत. पालकांनी एवढं तरी नक्की लक्षात ठेवावं, म्हणजे ससा आजारी पडला की त्याला घराबाहेर काढायची घाई होणार नाही.

आठवीच्या सामान्य विज्ञानात पहिल्याच पाठात आपण सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण शिकवतो. त्यातले आदिजीव आठवा. मलेरियाचा प्लाझ्मोडियम मुलांच्या ओळखीचा असतो. सशातला आयमेरिया हा त्याच मोठ्या कुळातला, एकाच पेशीचा जीव. त्याच्या काही जाती आतड्यात राहतात, एक जात यकृतात, पित्तनलिकांमध्ये. या यकृतातल्या जातीची एक मजेशीर गोष्ट मुलांना जरूर सांगा. १६७४ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या कापडाच्या व्यापाऱ्याने, म्हणजे आपल्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूकने, स्वतः घासलेल्या भिंगाखाली एका म्हाताऱ्या सशाचं पित्त पाहिलं. त्याला त्यात अंडाकृती कण दिसले आणि तसं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. ते कण बहुधा याच परजीवीचे होते. माणसाने पाहिलेला पहिला एकपेशीय परजीवी कोणता, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ अभ्यासक सशाच्या पित्ताकडे बोट दाखवून देतात.

लेव्हेनहूकने जे अंडाकृती कण पाहिले, त्यांना आपण सोयीसाठी "बीजकोश" म्हणू. सशाच्या पोटात परजीवी वाढतो, त्याचे बीजकोश लेंडीतून बाहेर पडतात. आता खरा मुद्दा. बाहेर पडलेला बीजकोश लगेच दुसऱ्या सशाला आजारी पाडू शकत नाही. तो आधी बाहेर पिकावा लागतो. त्यासाठी त्याला हवा, ऊब आणि ओलावा लागतो, आणि जातीनुसार साधारण एक ते चार दिवस. पिकल्यावर मात्र ओलसर सावलीच्या जागी तो काही महिने टिकून राहतो. फिनाईलने किंवा जंतुनाशकाने तो सहसा मरत नाही, कारण त्याचं कवच फार चिवट असतं. मरतो तो उकळत्या पाण्याने, कडक उन्हाने आणि कोरडेपणाने.

आता केरसुणीचं गणित लक्षात येईल. रोज, न चुकता, लेंड्या झाडून पिंजऱ्याबाहेर काढल्या तर बहुतेक बीजकोश पिकायच्या आतच निघून जातात. दोन दिवसांआड झाडलं तर पिकलेले मागे राहतात. आठवड्यातून एकदा रविवारी "मोठी साफसफाई" करून, बादलीभर पाणी ओतून, फिनाईल टाकून पिंजरा धुतला, आणि लाकडी फळी ओलीच ठेवली, तर आपण सहा दिवस परजीवीला पिकू दिलं आणि सातव्या दिवशी वर ओलावाही पुरवला. मनमाडला पाणी जपून वापरायची सवय पिढ्यान् पिढ्यांची. इथे ती सवय उपयोगाची आहे. पिंजऱ्याला रोज पाणी लागत नाही, रोज झाडू लागतो, आणि आठवड्यातून एकदा किटलीभर उकळतं पाणी आणि नंतर दुपारचं ऊन. ससा अर्थातच तेव्हा बाहेर सावलीत. एप्रिल-मेमधलं आपलं ऊन हे फुकटचं औषध आहे. काळजीचे महिने जून ते सप्टेंबर. तेव्हा पिंजऱ्याखाली बारदान अंथरायची पद्धत बंद करा, बारदान ओल धरून ठेवतं. तळाला जाळी असेल आणि लेंड्या खाली पडत असतील तर उत्तम, पण सशाला पाय टेकायला एक कोरडी फळी हवीच, नाहीतर तळव्यांना जखमा होतात.

इथे एक शंका हमखास येते. "ससा स्वतःचीच लेंडी खातो, मग त्याला आजार होणारच की!" मुलांना हे कळलं की वर्गात एकच "ईईई" उठतं. समजावून सांगा. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरडी, गोल, वाटाण्यासारखी. दुसरी मऊ, चकाकणारी, द्राक्षाच्या छोट्या घडासारखी चिकटलेली, बहुधा रात्री किंवा पहाटे. ही दुसरी तो थेट गुदद्वाराजवळून तोंडात घेतो. ती त्याच्या मोठ्या अंधनालात आंबवून तयार झालेली असते, तिच्यात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. गाय रवंथ करते तसाच हा प्रकार. ती ताजीच खाल्लेली असल्यामुळे तिच्यातून कॉक्सिडिया पसरत नाही, कारण पिकायला वेळच मिळालेला नसतो. धोका आहे तो जुन्या कोरड्या लेंड्यांनी माखलेल्या चाऱ्यात, पाण्याच्या वाटीत, आणि पायाला चिकटून मग चाटल्या जाणाऱ्या घाणीत. म्हणून चारा जमिनीवर टाकू नका. जाळीला बाहेरून अडकवा, त्याला ओढून खाऊ दे. पाण्याची वाटी जड आणि थोडी उंचावर ठेवा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. "सशाला पाणी पाजायचं नसतं, पाणी प्यायला की मरतो" ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की विकणारेही तीच सांगतात. ती साफ चुकीची आहे. सशाला दर किलो वजनाला दिवसाला साधारण ५० ते १०० मिलीलीटर पाणी लागतं. दोन किलोच्या सशाला एक पेला. हगवण लागलेल्या पिल्लाचं पाणी तोडलं तर परजीवीने मारायच्या आधी तहानच त्याला मारते.

लक्षणं कशी ओळखाल? पहिलं लक्षण दिसतच नाही, ते तोलावं लागतं. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुबळा दिसला की कोल्हा त्यालाच धरणार, म्हणून आजार लपवणं त्याच्या स्वभावातच आहे. जोवर तो कोपऱ्यात केस फुलवून बसलेला दिसतो तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून दर रविवारी वजन. किराणा दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, घरी स्वयंपाकघरातला असेल तर तोही. वाढत्या पिल्लाचं वजन आठवड्याला वाढलंच पाहिजे. थांबलं, तर तीच पहिली घंटा. मोठ्या, दोन किलोच्या सशाचं १०० ग्रॅम घटलं तर ते पाच टक्के झाले. तीस किलोच्या मुलाचं वजन आठवड्यात दीड किलो उतरलं तर तुम्ही काय कराल, असं वर्गात विचारा. टक्केवारीचा पाठ आपोआप होतो.

नंतरची लक्षणं सगळ्यांना दिसतात. लेंड्या लहान, कमी, मग मऊ, मग पातळ, कधी शेंबडासारखा चिकट पदार्थ किंवा रक्त. मागचे पाय आणि शेपटीखालचा भाग माखलेला. पोट नगाऱ्यासारखं, पण पाठीचा कणा हाताला टोचतो. दात खाण्याचा आवाज येतो, तो दुखण्याचा. यकृताचा प्रकार असेल तर पोट मोठं, अंग रोड, आणि कधी कानाच्या आतली पातळ कातडी पिवळसर. कान उजेडात धरून बघा. काही पिल्लं मात्र यातलं काहीच न दाखवता एका रात्रीत जातात, आणि त्यावरूनच "नाजूक" हा शब्द रूढ झाला असावा.

उपचार डॉक्टरांनीच करायचे. सल्फा गटातली औषधं, टोलट्राझुरिल, अँप्रोलियम अशी औषधं ते वापरतात, सोबत सलाईन. ही औषधं परजीवीची वाढ रोखतात, बाकीचं काम सशाचं शरीर करतं, म्हणून लवकर सुरू केली तरच उपयोग. एका सशाला लागण झाली तर सोबतच्या सगळ्यांना औषध लागतं. मोठे ससे वरून ठणठणीत दिसले तरी त्यांच्या लेंडीतून बीजकोश पडत असतात. आणि कोंबड्यांचं खाद्य "त्यात औषध असतंच की" म्हणून सशाला कधीही घालू नका. त्यातली काही कॉक्सिडियाविरोधी औषधं कोंबडीला चालतात पण सशाला विषारी ठरतात.

कान, नाक, पंजे

दुसरा मोठा गट बाहेरच्या परजीवींचा. यात सगळ्यात जास्त दिसते ती खरूज. कुत्र्याला लागते तिला आपण लूत म्हणतो, तीच ही. डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे कोळीवर्गीय किडे कातडीत बीळ करून राहतात. सुरुवात नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर, डोळ्यांभोवती, कानाच्या कडांवर आणि पंजांवर होते. आधी थोडे केस जातात, मग पांढुरकी, चुन्यासारखी खपली धरते. पंजांवर ती इतकी जाड होते की नखं वाकडी वाटतात. ससा सारखा खाजवतो, पंजे झटकतो. खपली तोंडाशी आली की खायचं थांबतो, आणि ससा खायचा थांबला की त्याचं आतडं थांबतं. एरवी निरोगी असलेला ससाही बारा तास काही न खाता, लेंडी न टाकता बसला तर ती तातडीची वेळ समजा. उद्या बघू, असं म्हणू नका.

दुसरा किडा फक्त कानात राहतो. कानाच्या आत पिवळट-तपकिरी पापुद्रे एकावर एक साचतात, कॉर्नफ्लेक्स चुरून भरल्यासारखे. ससा मान झटकतो, एक कान खाली पडतो. हे पापुद्रे बघितले की हात शिवशिवतात, काढून टाकावेसे वाटतात. अजिबात ओढू नका. खालची कातडी सोललेली असते, प्रचंड वेदना होतात. औषध लागू पडलं की आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप सुटून पडतात.

तिसरा प्रकार थोडा गमतीचा, आणि वर्गात करण्याजोगा. पाठीवर, मानेच्या मागे कोंडा दिसतो. काळ्या कागदावर सशाला धरून बारीक फणीने केस विंचरा, पडलेला कोंडा हातातल्या भिंगाखाली बघा. कोंडा चालायला लागला तर तो कोंडा नव्हे. इंग्रजीत या किड्याला "चालता कोंडा" अशाच अर्थाचं नाव आहे. हा किडा आणि वरची खरूज, दोन्ही माणसाला थोडी खाज देतात. मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला, पोटावर, जिथे तो सशाला धरतो तिथेच लाल पुरळ आलं असेल तर सशाची कातडी तपासा. सशावर उपचार झाले की माणसाची ही खाज सहसा आपणहून जाते, कारण सशाच्या किड्याला माणसाच्या अंगावर पिढी वाढवता येत नाही. पण बोटांच्या बेचक्यात खाज, रात्री जास्त, आणि घरातल्या सगळ्यांनाच, असं असेल तर ती माणसांची खरूज. त्याचं खापर सशावर फोडू नका, माणसांच्या डॉक्टरांकडे जा. गोल चट्टा आणि कडेने लाल असेल तर तो गजकर्ण, म्हणजे बुरशी. तोही सशाकडून येऊ शकतो, पण त्याचं औषध वेगळं.

या किड्यांवर डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. कोविडच्या काळात हे नाव घरोघरी पोचलं, पण ते मुळात जनावरांच्या दवाखान्यातलं. जपानमधल्या कावाना इथल्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जिवाणू वेगळा केला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातला परजीवीनाशक गुण शोधला, आणि २०१५ साली दोघांना नोबेल मिळालं. मूठभर मातीतून एवढं निघतं, हे मुलांना सांगायला मला आवडतं.

पण डोस बघा. सशाला दर किलोला साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. दोन किलोच्या सशाला कमीत कमी मात्रा म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. जनावरांसाठीच्या नेहमीच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीलीटरला १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे लागणार ०.०४ मिलीलीटर. एक थेंबही नाही. माणसांसाठीची १२ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे त्या मात्रेच्या तीस पट. मेडिकलवाल्याकडून गोळी आणून "थोडीशी चूर्ण करून" देणाऱ्यांसाठी हे गणित फळ्यावर मांडून दाखवा. सातवीतला मुलगाही समजेल.

आणि औषध एकदा देऊन भागत नाही. ते जिवंत किडे मारतं, अंडी मारत नाही. अंडी फुटून नवे किडे बाहेर येतात तेव्हा, साधारण दहा ते चौदा दिवसांनी, दुसरा डोस, बरेचदा तिसराही. पहिल्या डोसनंतर खाज थांबते, ससा खायला लागतो, आणि घरचे समाधानाने दवाखाना विसरतात. महिन्याभरात खरूज परत. मग "औषध लागू पडलं नाही" असं म्हणतात. औषध लागू पडलं होतं, जीवनचक्र मध्येच सोडलं गेलं. पिंजऱ्यातलं गवत, खोकी, चिंध्या याच काळात जाळून टाकाव्यात, कारण कानातला किडा सशाशिवायही दोन-तीन आठवडे तग धरतो.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच बोलतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना लूत लागली की त्यांच्यावर जळकं ऑइल ओतणारे लोक आपल्याकडे आहेत. रेल्वेच्या आणि ट्रकच्या गावात ते सहज मिळतं. सशाला ऑइल, रॉकेल, कापूर, डांबरगोळी यातलं काहीही लावू नका. ससा मांजरासारखा सतत अंग चाटतो, लावलेलं सगळं पोटात जातं. आंघोळही घालू नका, भीतीनेच अर्धा जातो. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवर मिळणारा फिप्रोनिलचा फवारा किंवा थेंब सशाला विषारी आहे. घरात कुत्रा आणि ससा दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावर तो वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

शाळेतली जंताची गोळी

हा भाग खास आपल्या सहकाऱ्यांसाठी. जंतनाशक दिनाला आपण मुलांना ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतो. मुलं हुशार असतात. लेंडीवर पांढरे, सुतासारखे, अर्धा-एक सेंटिमीटरचे जंत वळवळताना पाहिलेला मुलगा अर्धी गोळी खिशात ठेवून घरी नेऊ शकतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण एक किलोच्या सशासाठी ती अर्धी गोळी २०० मिलिग्रॅम होते. पशुवैद्य या गटातलं औषध सशाला साधारण २० मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आसपास देतात. म्हणजे दहा पट. या गटातल्या औषधांनी सशाच्या हाडांतल्या मगजावर, जिथे रक्त तयार होतं तिथे, घातक परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून गोळी देताना वर्गात एक वाक्य वाढवा, "ही गोळी तुमची आहे, सशाची किंवा कुत्र्याच्या पिल्लाची नाही."

सशाच्या या सूतकृमींचा मोठ्या सशाला फारसा त्रास होत नाही. फार झाले तर डॉक्टर औषध देतात. आणि पालकांची नेहमीची शंका, "मुलाला जंत झाले ते सशामुळे का?" नाही. मुलाचे जंत माणसाचे, ते माणसाकडून माणसाकडे, नखांतून आणि चादरींतून जातात. सशाचे त्याच्याजवळच राहतात. हात मात्र साबणाने धुवायचेच, ते इतर कारणांसाठी.

बाकीचं थोडक्यात. पावसाळ्यात मागचा भाग माखलेला असेल तर माश्या तिथे अंडी घालतात, दिवसभरात अळ्या निघतात आणि जिवंत मांस खातात. अशा वेळी घरी काही न करता त्याच तासाला दवाखाना गाठा. रोज एकदा शेपटी वर करून बघणं एवढाच त्यावर उपाय. मान एका बाजूला वाकडी होऊन ससा गोल फिरू लागला तर तो कानाच्या आतला संसर्ग असेल किंवा मेंदूवर परिणाम करणारा एक सूक्ष्म परजीवी, जो सशाच्या लघवीतून पसरतो. त्याचा उपचार महिनाभर चालतो. जिथे कुत्री फिरतात, शी करतात, तिथलं गवत कापून आणू नका. कुत्र्याच्या एका पट्टकृमीची अंडी त्यातून सशाच्या पोटात जाऊन पाण्याच्या फोडांसारख्या गाठी करतात. हरळी, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, काहीही असो, धुऊन, निथळून, मगच घाला. ओला पाला कधी नाही. आणि रोजच्या खाण्यात मोठा वाटा वाळलेल्या गवताचा हवा. गाजर हा खाऊ, जेवण नव्हे, चित्रकथांनी काहीही सांगितलं तरी.

दवाखान्यात जाताना

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांचा दिवस गाई, म्हशी आणि शेळ्यांत जातो. ससा घेऊन आलेला माणूस तिथे विरळाच. त्यामुळे त्यांचं काम सोपं करा. सशाचं आजचं आणि मागच्या तीन-चार रविवारचं वजन लिहून न्या. स्वच्छ कोरड्या डबीत आजच्या आठ-दहा लेंड्या न्या. खातो काय, कुठून आणला, किती दिवस झाले, हे कागदावर. लेंडी तपासून घ्यायची विनंती करा. ही तपासणी सोपी असते. लेंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवतात, बीजकोश हलके असल्यामुळे वर तरंगतात, ते काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वर्गात याचा प्रयोग लेंडीने करायची गरज नाही. साध्या पाण्यात बुडालेलं कच्चं अंडं मीठ वाढवत गेलं की वर येतं, तेच तत्त्व. घनतेचा पाठ शिकवताना हे उदाहरण जोडा, मुलं विसरणार नाहीत.

एक गोष्ट डॉक्टरांना नम्रपणे विचाराच, "हे औषध सशाला तोंडाने चालतं ना?" अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिनसारखी प्रतिजैविकं तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जीवघेणी हगवण लागते. घरी मुलाच्या खोकल्याचं उरलेलं गुलाबी सिरप म्हणूनच कधी देऊ नका. ससा नेताना सकाळी लवकर न्या, झाकण असलेल्या हवेशीर टोपलीत, खाली सुती कापड, आणि सोबत त्याचं नेहमीचं गवत. कान धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली.

एवढं करूनही काही पिल्लं जातील. तेव्हा घरात जे होतं ते तुम्हालाही माहीत आहे. मूल रडतं, आणि त्याचं रडू थांबावं म्हणून बाबा दुसऱ्याच दिवशी नवीन ससा आणून त्याच पिंजऱ्यात सोडतात. त्या पिंजऱ्याच्या फटींत पिकलेले बीजकोश आणि कानातले किडे नव्या पिल्लाची वाट बघत असतात. मुलाला महिनाभर थांबायला सांगा आणि त्या महिन्यात त्याच्याच मदतीने काम करा. लाकडी खोकं, बारदान, फळी जाळून टाका. लोखंडी जाळी तारेच्या ब्रशने खरवडून, उकळतं पाणी ओतून, गच्चीवर उन्हात तीन-चार दिवस उलटसुलट करत ठेवा. वाट्या उकळून घ्या. पिंजऱ्याखालची वरवरची माती खरवडून टाका. नवीन पिल्लू शक्यतो दोन महिन्यांपेक्षा मोठं, कोरड्या शेपटीचं आणि स्वच्छ कानांचं बघून आणा. घरात आधीचा ससा असेल तर तीन आठवडे दोघांचे पिंजरे, वाट्या आणि केरसुण्या वेगळ्या ठेवा. पहिल्या आठवड्यातच लेंडीची डबी घेऊन दवाखान्यात जाऊन या, आणि वहीचं नवीन पान उघडून मुलाला तारीख आणि वजन लिहायला सांगा.